विश्लेषण : टिपणात दडलेले काम शोधायचे कसे? एक छोटी खूण आणि मराठी कीबोर्डची अडचण

मोबाइलवर लिहिलेल्या टिपणात हिशेब, आठवण, निरोप आणि उद्याचे काम असे सगळे एकत्र असते. त्यातले काम तेवढे वेगळे ओळखता यावे म्हणून टिपणांची अॅप काही ठरावीक खुणा वापरतात. मात्र या खुणा इंग्रजी कीबोर्ड समोर ठेवून ठरल्या. मराठीत लिहिणाऱ्याला त्या का जड जातात आणि सोपी खूण कशी ठरवता येईल, याविषयी...

प्रश्न नेमका काय?

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्यातील तेलंगणला लागून असलेला तालुका. एकीकडे गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने, तर दुसरीकडे कपाशी, सोयाबीन आणि तुरीची शेती. समजा, इथल्या एखाद्या शेतकऱ्याने जुलैतल्या एका संध्याकाळी मोबाइलवर असे लिहून ठेवले : ‘आज गडचांदूरला गेलो. खत आले नाही, सोमवारी दुकानदाराला फोन करायचा. नाल्याकडच्या वावरात पाणी साचले, चर काढावा लागेल. तुरीत डवरणी झाली. कपाशीत कामगंध सापळे लावायचे.’

या पाच वाक्यांत तीन कामे बाकी आहेत. लिहिणाऱ्याला ती त्या दिवशी लख्ख आठवतात. पण आठवड्याभरात अशी सात टिपणे झाली की कामे मजकुरात बुडून जातात. चर काढायचा राहिला तर पाणी साचून कपाशी पिवळी पडते. सापळे उशिरा लागले तर बोंडअळी कधी आली, हेच वेळेवर कळत नाही. म्हणजे टिपण लिहूनही उपयोग झाला नाही.

यावर एक उपाय म्हणजे कामांची वेगळी यादी करणे. पण मग एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि यादीतल्या ‘चर काढणे’ या नोंदीपुढे कोणत्या वावरात, कशामुळे, हा संदर्भ उरत नाही. दुसरा उपाय म्हणजे काम जिथे सुचले तिथेच, टिपणाच्या ओघात लिहायचे आणि त्याला अशी खूण करायची की अॅपला ते शोधून काढता येईल. ही खूण कोणती असावी, हा दिसायला किरकोळ प्रश्न गेली दोन दशके सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना छळतो आहे.

रोजकीर्द आणि खतावणीशी याचे नाते काय?

ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. व्यापारी पूर्वापार दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहीत आले. पुढे त्याच नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जात. खतावणीतल्या नोंदीपुढे रोजकीर्दीचे पान लिहिलेले असे, त्यामुळे शंका आली तर मूळ नोंदीपर्यंत जाता येई.

टिपण म्हणजे रोजकीर्द आणि कामांची यादी म्हणजे खतावणी, असे समजले तर सगळी रचना उलगडते. माणसाने फक्त रोजकीर्द लिहायची, खतावणी अॅपने करायची. यादीतल्या कामावर बोट ठेवले की मूळ टिपण उघडले पाहिजे आणि यादीत काम पूर्ण झाल्याची खूण केली की ती टिपणातही उमटली पाहिजे. मात्र दिवाणजीला कोणती नोंद कोणत्या खात्यात जाईल हे वाचून कळत असे. अॅपला ते कळावे यासाठी खूण लागते.

पण साधा मजकूरच कशाला?

साधा मजकूर म्हणजे ज्यात केवळ अक्षरे आणि चिन्हे असतात; रंग, ठळकपणा, चित्रे काहीही दडलेले नसते अशी फाइल. ती कोणत्याही फोनवर, कोणत्याही अॅपमध्ये उघडते. जागा नगण्य लागते, नेटवर्क नसले तरी काम चालते आणि अॅप बनवणारी कंपनी बंद पडली तरी दहा वर्षांपूर्वीची टिपणे वाचता येतात. अनेक अॅपमध्ये टिपणे कंपनीच्या स्वतःच्या साच्यात साठवली जातात. तिथे चौकोनावर बोट ठेवले की बरोबरची खूण उमटते, पण ते अॅप सोडताना सगळे बरोबर नेता येईलच असे नाही.

साध्या मजकुराची हीच ताकद त्याची मर्यादाही आहे. त्यात लपवून काही ठेवता येत नाही. ‘हे काम आहे’ हे सांगायचे तर ते दिसणाऱ्या अक्षरांतच सांगावे लागते. व्हॉट्सअॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की तो ठळक होतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ती तारका म्हणजे अशीच खूण. अशा खुणांच्या नियमांना तांत्रिक भाषेत ‘सिंटॅक्स’ म्हणतात.

आजवर कोणत्या खुणा रूढ झाल्या?

‘ऑर्ग मोड’ ही यातली एक जुनी व्यवस्था. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ती ‘ईमॅक्स’ या संपादकासाठी तयार केली. तिथे तारकेने सुरू होणाऱ्या शीर्षकापुढे इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘टूडू’ लिहिले की ते काम ठरते आणि ‘डन’ लिहिले की संपते. पण शीर्षक आले की तिथून नवा विभाग सुरू होतो. परिच्छेदाच्या मध्येच काम लिहिले तर पुढचा मजकूर त्या कामाच्या पोटात जातो. यावर तोडगा म्हणून पुढे वेगळी सोय आली. तिच्यात ओघातल्या कामासाठी ओळीच्या सुरुवातीला किमान १५ तारका द्याव्या लागतात. यंत्राला ते समजते, डोळ्यांना मात्र खटकते.

२००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ‘मार्कडाउन’ आणले. खुणांसकट मूळ मजकूरही सहज वाचता यावा, हा त्यामागचा आग्रह होता. मूळ मार्कडाउनमध्ये कामाची खूण नव्हती. २००६ मध्ये जीना ट्रापानी यांच्या ‘टूडू डॉट टीएक्सटी’ने ‘एका ओळीत एक काम’ हा सोपा नियम दिला. झालेल्या कामाच्या ओळीआधी इंग्रजी ‘एक्स’ लिहायचा, प्रकल्पासाठी अधिकचे चिन्ह आणि ठिकाण-प्रसंगासाठी ‘अॅट’चे चिन्ह वापरायचे. पण ही कामांची स्वतंत्र फाइल आहे, टिपणाचा भाग नाही. जेसी ग्रोसजीन यांच्या ‘टास्कपेपर’मध्ये आडव्या रेघेने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे काम.

सर्वाधिक पसरली ती ‘गिटहब’ची खूण. ओळीच्या सुरुवातीला - [ ] असे लिहायचे. काम झाले की चौकटी कंसात इंग्रजी ‘एक्स’ भरायचा. कागदावरच्या रिकाम्या चौकोनासारखी ती दिसते, म्हणून न शिकवताही समजते. २०१७ मध्ये गिटहबने आपल्या मार्कडाउनचे लेखी नियम प्रसिद्ध केले, त्यात ती आहे. २०२० मध्ये आलेल्या ‘ऑब्सिडियन’सह अनेक टिपण अॅपनी हीच खूण उचलली. पण या खुणेत मुदत लिहायची जागा नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापली भर घातली. ऑब्सिडियनसाठीच्या ‘टास्क्स’ या लोकप्रिय जोडणीत मुदतीसाठी कॅलेंडरचा इमोजी वापरतात. एका अॅपमधली मुदत दुसऱ्या अॅपला समजेल, याची त्यामुळे शाश्वती नाही.

चांगल्या खुणेच्या कसोट्या कोणत्या?

पहिली कसोटी, ती पटकन लिहिता आली पाहिजे. दिवसातून दहा वेळा करायची गोष्ट दोन सेकंदांनी जरी लांबली तरी माणूस ती सोडून देतो. दुसरी, ती एरवीच्या लिखाणात सहसा येता कामा नये. नुसती आडवी रेघ ही खूण मानली तर किराण्याची यादीही ‘काम’ होऊन बसते. तिसरी, अॅप नसतानाही तिचा अर्थ कळावा. चौथी, काम पूर्ण झाल्यावर ओळ पुसावी लागू नये, एखादे अक्षर बदलून भागावे. कारण ‘फवारणी कधी केली’ हे पुढच्या हंगामात पाहायचे असते.

पाचवी कसोटी काम कुठे संपते याची. वाक्याच्या मध्यात काम सुरू करायची मुभा दिली तर ते संपल्याची दुसरी खूणही द्यावी लागते आणि ती विसरली की पुढचा अख्खा परिच्छेद काम ठरतो. म्हणून बहुतेकांनी ‘ओळ संपली की काम संपले’ हा नियम पत्करला.

याखेरीज एक अडचण पडद्यामागची आहे. यादीत काम पूर्ण झाल्याचे कळवले की अॅपने टिपणातली नेमकी तीच ओळ गाठायची असते. ओळीचा क्रमांक लक्षात ठेवला तर वर एक ओळ वाढली की तो चुकतो. मजकूर लक्षात ठेवला तर ‘दुकानदाराला फोन’ अशा दोन ओळी निघतात. ओळीच्या शेवटी ओळखक्रमांक चिकटवला तर टिपण विद्रूप होते. खतावणीतल्या पान क्रमांकाचाच हा नवा अवतार आहे आणि प्रत्येक अॅप यातला कोणता तरी एक तोटा सोसते.

मराठी कीबोर्डवर अडते कुठे?

पहिल्याच कसोटीवर. देवनागरीसाठी सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट आराखडा आजही संगणकांवर आहे. त्यात मात्रा आणि जोडाक्षरांना जागा करून देण्यासाठी अनेक चिन्हांच्या कळा वापरल्या गेल्या. चौकटी कंसांच्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता आहे. ‘अॅट’च्या चिन्हाच्या जागी अर्धचंद्र, ‘हॅश’च्या जागी रकार, तारकेच्या जागी ‘श्र’, तर अपूर्णविरामाच्या जागी ‘छ’ आहे. म्हणजे रूढ खुणांमधली जवळपास सगळी चिन्हे मराठी टाइप करताना हाताशी नसतात. प्रत्येक कामासाठी कीबोर्ड इंग्रजीत न्यायचा, खूण करायची आणि परत मराठीत यायचे.

मोबाइलवर अडचण निराळी. - [ ] या खुणेत मोकळ्या जागा धरून सहा ठोके आहेत. अनेक कीबोर्डवर आडवी रेघ चिन्हांच्या पहिल्या पानावर, तर चौकटी कंस दुसऱ्या पानावर असतात. पाने उलटण्याचे ठोके वेगळेच. बोलून टाइप करणाऱ्यांना तर चिन्ह उच्चारता येत नाही.

अपूर्णविरामाचा घोळ आणखी मजेशीर आहे. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग सहज मिळतो, अपूर्णविराम मिळत नाही. दोन्ही दिसायला सारखे, त्यामुळे अनेक जण एकाच्या जागी दुसरा वापरतात. वाचणाऱ्याला फरक पडत नाही. अॅपच्या लेखी मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत.

मराठी व्याकरण आडवे कसे येते?

चिन्हाऐवजी शब्द वापरावा, तर तिथेही पेच आहे. इंग्रजी ‘टूडू’ मोठ्या अक्षरांत लिहिला की वाक्यातून उठून दिसतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी असा भेदच नाही. दुसरे म्हणजे इंग्रजी शब्द बदलत नाही. मराठीत फोन ‘करायचा’, नोंद ‘करायची’, काम ‘करायचे’ आणि सापळे ‘लावायचे’. लिंग-वचनानुसार रूप बदलते, त्यामुळे एक शब्द ठरवून भागत नाही. शिवाय ‘काय करायचे कळेना’ हे वाक्य कामांच्या यादीत गेले तर हसू होईल.

तिसरा फरक वाक्यरचनेचा. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद आधी येते, त्यामुळे सुरुवातीलाच खूण करणे स्वाभाविक वाटते. मराठीत क्रियापद शेवटी. ‘सोमवारी दुकानदाराला फोन’ इथपर्यंत लिहून झाल्यावर ‘केला’ येणार की ‘करायचा’, हे ठरते. काम असल्याचे लिहिणाऱ्याला ओळीच्या शेवटी जाणवते आणि खूण मात्र सुरुवातीला मागितली जाते. मोबाइलवर बोटाने कर्सर मागे नेणे हे किती जिकिरीचे, हे वेगळे सांगायला नको.

कोरपन्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामीही कानावर पडतात. टिपणातही भाषा मिसळतात. तिथे एका भाषेतला शब्द खूण म्हणून लादण्यापेक्षा भाषा न मानणारे चिन्ह बरे.

टॅग आणि तारखांचे काय?

कामापुढे ‘हॅश’ लावून गावाचे किंवा विषयाचे नाव लिहिले की तेवढीच कामे वेगळी काढता येतात. पण ‘कोरपना’ हा शब्द संगणक सहा तुकड्यांत साठवतो : क, ओकाराची मात्रा, र, प, न आणि काना. शब्द कुठे संपतो हे ओळखण्यासाठी प्रोग्रामर जो तयार नमुना वापरतात, तो ‘पायथॉन’ भाषेत अक्षरे आणि आकडे धरतो, मात्रा धरत नाही. त्यामुळे ‘#कोरपना’ हा टॅग पहिल्याच मात्रेशी तुटतो आणि हाती नुसता ‘#क’ लागतो. ‘जावास्क्रिप्ट’मध्ये तोच नमुना फक्त इंग्रजी अक्षरे ओळखतो, तिथे टॅग सापडतच नाही. दोन्ही ठिकाणी उपाय आहे, पण देवनागरी मजकूर देऊन तपासल्याशिवाय चूक लक्षातच येत नाही.

‘शेतकऱ्यांची सभा’ यातला ‘ऱ्या’ही दोन प्रकारे साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरे सापडत नाही. तारखांचीही हीच कथा. ‘१५ जुलै’ देवनागरी आकड्यांत लिहिले तर पायथॉन ते आकडे मानते, जावास्क्रिप्ट मानत नाही. फाइल तीच, पण एका अॅपमध्ये मुदत दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही.

मग मराठीसाठी खूण कशी असावी?

इनस्क्रिप्टमध्येही शाबूत राहिलेली चिन्हे पाहिली तर आडवी रेघ आणि गोल कंस हाताशी आहेत. मोबाइलवरही ही चिन्हे अनेक कीबोर्डवर पहिल्याच पानावर असतात. त्यामुळे - ( ) ही खूण चौकटी कंसाइतकीच बोलकी आणि लिहायला हलकी ठरते. गोल कंस एरवीच्या लिखाणातही येतात हे खरे. पण ओळीच्या सुरुवातीला रेघ आणि पुढे रिकामा कंस, हे सहसा येत नाही. काम संपले की इंग्रजी ‘एक्स’ऐवजी ‘झा’ लिहिता येईल. झाला, झाली, झाले या तिन्ही रूपांत ‘झा’ कायम आहे, त्यामुळे व्याकरणाचा अडसर येत नाही.

खूण ओळीच्या शेवटी केली तरी ती मान्य व्हावी, ही दुसरी गरज. तिसरी, विसर्ग आणि अपूर्णविराम, दोन्ही प्रकारचे आकडे आणि ‘ऱ्या’ची दोन्ही रूपे अॅपने एकच मानावीत. बोलून लिहिणाऱ्यांसाठी ओळीच्या आरंभी ‘काम’ हा न बदलणारा शब्द आणि त्यानंतर स्वल्पविराम, अशी जोड स्वीकारता येईल.

यावर आक्षेपही आहे. प्रत्येक भाषेने वेगळी खूण काढली तर फाइल कुठेही उघडण्याचा फायदा काय राहिला? गोल कंसातले काम जगातल्या इतर अॅपना ओळखता येणार नाही. यातला मध्यममार्ग असा की, लिहिताना सोपी खूण स्वीकारायची आणि वापरणाऱ्याच्या संमतीने फाइलमध्ये सर्वमान्य चौकटी कंस साठवायचे. संमती महत्त्वाची, कारण आपण लिहिलेले अॅपने परस्पर बदलावे हे कुणालाच आवडत नाही.

तोवर वाचकांना काय करता येईल?

नवे अॅप न घेताही यातले बरेच साधते. फोनवरच्या कोणत्याही टिपण अॅपमध्ये काम वेगळ्या ओळीवर लिहावे, एकच खूण ठरवून घ्यावी आणि ती बदलू नये. संध्याकाळी त्या खुणेचा शोध घेतला की बाकी कामे समोर येतात. अनेक कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोशात संक्षेप नोंदवता येतात. एखादे दोन अक्षरी मराठी संक्षेप नोंदवले की पूर्ण खूण सूचना म्हणून दिसते, चिन्हांची पाने उलटावी लागत नाहीत. तारीख महिन्याच्या नावासह लिहावी, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही.

सुरुवातीचे टिपण मग असे होईल :

आज गडचांदूरला गेलो. खत आले नाही.
- ( ) सोमवारी दुकानदाराला फोन करायचा
नाल्याकडच्या वावरात पाणी साचले.
- ( ) चर काढायचा
- (झा) तुरीत डवरणी
- ( ) कपाशीत कामगंध सापळे लावायचे

ओळी थोड्या वाढल्या, पण आता अॅपलाच नव्हे, तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही फोन हाती घेऊन काय बाकी आहे ते सांगता येईल. दहा वर्षांनी हीच फाइल दुसऱ्या फोनवर उघडली तरी नाल्याकडच्या वावरात पाणी कधी साचले होते आणि त्या वेळी काय केले, हे दोन्ही एकाच जागी सापडेल.